अंगणातली साठ फुटी बोट

ज्याचं तोंड तुम्ही कधीच बघणार नाही, अशा माणसासाठी तुम्ही शेवटचं दार कधी लावलंत?

हा प्रश्न मला माझ्या घरमालकांनी विचारला होता. मी भाड्याच्या खोलीचं कुलूप काढत होते, काखेत पत्रकांचा गठ्ठा होता आणि ते ओट्यावर माझ्याकडे पाठ करून बसले होते. मी म्हटलं, "असं आठवून कसं सांगणार, मामा?" आरशातून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "म्हंजे न्हाय लावलं."

आरसा ट्रेलरचा होता. उरणच्या बंदरातून कंटेनर ओढण्यात त्यांची हयात गेली. गाडी सोडताना तिचा डावीकडचा आरसा त्यांनी काढून आणला आणि ओट्याच्या खांबाला ठोकला. बसायचं ते रस्त्याकडे पाठ करून. "पुढचं कोनालाबी दिसतं," म्हणायचे, "डायवर तो, ज्याला मागचं दिसतं." मामी पाण्याची कळशी घेऊन दारातून मागे सरकल्या की हे बसल्या जागेवरून हात हलवत, "येऊ दे, येऊ दे, डावीकडं काट, बास!" मामी डावीकडे काटायच्या नाहीत. "आता मला पार्किंगला लावा," म्हणायच्या आणि सरळ आत जायच्या.

त्यांना मामा सगळी गल्लीच म्हणायची, म्हणून मीही. मी तेव्हा उरणच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहीत होते. पत्रकं आमच्या घरातच आहेत. बाबांनी जमिनीच्या प्रश्नावर काढलेली पत्रकं घडी घालतच मी अक्षरं शिकले. त्यामुळे कुठल्याही गोष्टीत आधी दोषी कोण ते शोधायचं, हे माझ्या हाताला लागलेलं वळण. गावात तेव्हा खाडीलगतची शेतं भराव टाकून गोदामांसाठी विकली जात होती आणि मी पेटले होते. माझं एक पत्रक मामांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "चांगलं हाय. पन यात 'कोन' लय हाय. कोनी विकली, कोनी गिळली, कोनी डोळे मिटले. बाय, कोन ते कळल्यावर उद्या सकाळी काय करायचं, ते कुठं लिवलंय?"

मला राग आला. तो अजूनही पुरता गेलेला नाही.

त्या आरशाचा कोन जरा विचित्र होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. त्यात रस्ता अर्धाच दिसे. उरलेल्या अर्ध्यात शेजारचं अंगण दिसे. तिथे त्यांचे थोरले भाऊ राहायचे, ज्यांना ते दादा म्हणत. म्हणजे म्हणत असत. दोघांत बोलणं बंद होतं. मामा भावाकडे मान वळवून कधी बघत नसत. आरशात मात्र दादा कधी उठले, कधी खोकले, कुणाची मोटारसायकल त्यांच्या दारात थांबली, सगळं त्यांना ठाऊक असे.

भांडण कशावरून, हे समजायला आधी बांध समजायला हवा. गावाची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. मध्ये मातीचा लांब बांध आणि बांधात उघाडी, म्हणजे लाकडी झडपेचं दार. ओहोटीला पावसाचं पाणी त्यातून बाहेर जातं. भरती आली की खाडीच्याच दाबानं झडप आपोआप मिटते. पण झडपेखाली फळी अडकवली तर ती मिटत नाही, आणि भरतीबरोबर मासे आत येतात. जिताडा येतो. जिताड्यासाठी माणूस काय करेल ते सांगता येत नाही. म्हणून उघाडीवर घरोघरची पाळी असे आणि बांध राखायला घरटी एक माणूस येई. त्या सगळ्या मिळून करायच्या कामाला जोळ म्हणत.

एका अमावास्येला फळी मामांनी लावली. पाळी दादांची होती. भर दुपारी उधाणाची भरती आली तेव्हा झडप अर्धी उघडी होती. खारं पाणी घुसलं, बांध फुटून खांड पडली, उभं भात जळालं आणि पुढचे किती पावसाळे जमिनीतलं मीठ निघालं नाही. यात गुपित काही नाही. दोघंही आपापल्या ओट्यावर बसून, शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात, हे सांगायचे. मामा सांगायचे, "फळी मी लावली. पन पाळी असून बघाय कोन गेला न्हाय?" दादा सांगायचे, "गेलो न्हाय मी. पन फळी लावली कोनी?" अर्धं गाव एका ओट्यावर, अर्धं दुसऱ्या. खांड कशीबशी बुजवली, पण जोळ मोडली. मग खाऱ्या झालेल्या जमिनीला गिऱ्हाइकं आली.

आणि अशा गावात बसून हा माणूस इंग्लंडच्या कालव्यांवर बोटीतून फिरायला जायचं ठरवत होता.

सुरुवात मोबाइलवर झाली. दादांची मुलगी इंग्लंडात, बर्मिंगहॅमजवळ नर्स आहे. ती दोन्ही घरांशी बोलायची. बाबांशी झालं की काकांना फोन. एकदा मैत्रिणींबरोबर ती बोट भाड्यानं घेऊन फिरली आणि तिनं काकांना व्हिडिओ पाठवला. लांब, चिंचोळी, रंगवलेली बोट. बोट दगडी हौदासारख्या जागेत शिरते. मागचं दार लागतं. हौदात पाणी चढतं, बोट चढते, पुढचं दार उघडतं आणि बोट वरच्या पाण्यात निघून जाते. मामांनी तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला की मामींना त्यातल्या बदकाचा आवाज पाठ झाला.

"बाय, इकडं ये. पानी चढतंय, बघ. पन भरती न्हाय!"

"कालवा आहे मामा. त्याला भरती कुठून?"

"मंग पानी थांबलंय कशावर?"

"दारांवर."

"दारं लावतं कोन?"

मी पुतणीला विचारून सांगितलं की बहुतेक ठिकाणी कुणी नेमलेलं नसतं. जो बोट घेऊन जातो तोच दार उघडतो, पाणी सोडतो आणि जाताना दार लावून जातो. नाही लावलं तर वरचं पाणी वाहून जातं आणि मागच्याची बोट चिखलात बसते. दुसऱ्या दिवशी मी खोलीचं कुलूप काढत होते. तेव्हा ओट्यावर माझ्याकडे पाठ करून त्यांनी तो प्रश्न विचारला, जो मी तुम्हाला विचारलाय.

तेव्हापासून तयारी सुरू झाली. खर्च पुतणी करणार होती; तिची अट एकच, "काका, बाबांना घेऊन या. एकानं सुकाणू धरायचं, एकानं दारं बघायची. एकट्याचं काम नाही. मी नुसती बसणार." ही अट मामांनी कुणाला सांगितली नाही, मामींनी सगळ्यांना सांगितली. बोट चालवायला दोन माणसं लागणार, आणि दुसरा माणूस त्यांच्याशी बोलत नव्हता.

मामींनी स्वतःपुरता निकाल लावला होता. बोटीतल्या संडासाचा डबा भरला की तो आपणच उचलून रिकामा करायचा असतो, हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "इतक्या लांब इमानानं जाऊन हेच करायचं? तुमी जा. मी हितं बरी हाय."

दारांच्या झरोक्यांतून पाणी सोडायला लागतो तो वाकडा लोखंडी दांडा मामांनी व्हिडिओत पाहिला आणि ट्रकच्या गॅरेजात जाऊन, जॅकचा जुना दांडा वाकवून, तसाच बनवून आणला. त्याला ते चावी म्हणत. चावी कमरेला खोचून बाजारात जात. कुणी विचारलं की सांगत, "बोटीची." मामी म्हणत, "चावी हाय, कुलूप हाय इलायतेत."

निघायचा दिवस त्यांनी तिथीवर काढला. अष्टमी. त्या दिवशी भरती कमी चढते, भांगाचं पाणी, नवख्याला बोट सांभाळायला सोपं. मी म्हटलं, "मामा, तिथे भरतीच नसते."

"व्हय, ठाऊक हाय."

"मग अष्टमी कशाला?"

"न्हाय, पन असली तर?"

माझा आणि त्यांचा मोठा वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवर. मी विचारलं की ते कालवे कुणी खोदले, कुणाच्या कष्टानं, आणि त्यावरून कुणाचा माल गेला, याचा काही विचार केलाय का. आपल्या शेतातला कापूस तिथल्या गिरण्यांत गेला आणि कापड होऊन आपल्याच अंगावर विकला गेला. त्या पाण्यावर आपण मजेला जायचं? आणि इथे बांधाकडे कुणी बघत नसताना? मी चांगलं बोलले. मला बोलता येतं. मामांनी चावी मांडीवर ठेवून ऐकून घेतलं.

"माल गेला, बरोबर. मी पन आयुष्यभर दुसऱ्याचाच माल ओढला. आत काय हाय ते कंटेनर उघडून कधी बघितलं न्हाय. पन रस्ता माझा हाय. रस्त्यावर कुठं खड्डा हाय ते मलाच ठाऊक." मग चावी उचलून म्हणाले, "त्या लोकांनी माल नेला म्हनून त्यांची दार लावायची रीत वाईट, असं हाय काय?"

मी म्हटलं, "दोन्ही गोष्टी एकाच वेळी बघता आल्या पाहिजेत."

"तेच म्हनतोय. तू एकच बघतेस."

मी तेही पुरतं मान्य केलं नाही. आजही करत नाही. पण त्यानंतर मी बोलायच्या आधी जरा थांबायला लागले.

मग आली फक्की. कबड्डीचं मैदान आखायला वापरतात तो चुना मामांनी आणला आणि अंगणात बोट आखायला घेतली. रुंदी पुतणीनं सांगितली होती, सात फुटांच्या आतली. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला चिकटायचं. आत ओटा, शेगडी, दोन बाकं, संडासाचा डबा, सगळं आखलं. लांबी मात्र साठ फूट. अंगण तेवढं नव्हतं. बोट फाटकातून बाहेर पडली, बोळ ओलांडला आणि तिचं शेपूट, म्हणजे सुकाणू धरून उभं राहायची जागा, दादांच्या अंगणात गेली.

"दुसरीकडून आखा की," मी म्हटलं.

"दुसरीकडं गोठा हाय."

गोठ्यात गुरं नव्हती. गोठाही पडलेला होता.

दुपारी दादा बाहेर आले, त्यांनी आपल्या अंगणातली रेघ पायानं पुसली आणि आत गेले. मामांनी ते आरशात पाहिलं. सकाळी पुन्हा आखली. दादांनी पुन्हा पुसली. हे रोज चाललं. शाळेत जाणारी मुलं बोटीवरून चालताना मुद्दाम तोल गेल्यासारखं करायची. मामी म्हणायच्या, "बोट बुडली का नाय अजून?" मामा कधी चिडले नाहीत. फक्की संपली की नवी आणायचे. दादा पुसायचे तेही सावकाश, एक पाय टेकत टेकत, कुणी अंगण सारवावं तसे.

एका सकाळी मी कॉलेजला निघाले तर रेघ पुसलेली नव्हती. दादांची खुर्ची तिच्या आत होती आणि दादा खुर्चीत, आमच्याकडे तोंड करून. मामा ओट्यावर, पाठ करून. आरशात थोरला भाऊ समोरासमोर. दोघांच्या मध्ये चुन्याची साठ फुटी बोट. मी फाटकातच थांबले.

दादा मोठ्यानं म्हणाले, कुणाला म्हणाले ते न सांगता, "पोर सांगते, दोन मानसं लागतात."

मामा आरशाला म्हणाले, "लागतात."

"मी सुकाणू धरनार न्हाय."

"मंग?"

"दारं मी लावनार. सगळी दारं. तू सुकाणू धर आनि पुढं बघ."

मामींनी चुलीवरचं काहीतरी उतरवून ठेवल्याचा आवाज आला. सगळ्यांना ठाऊक होतं की हे काय मागणं आहे. आपला भाऊ दार बघायला गेला नाही, हे मामा गावभर सांगत आले होते. आणि आता तोच भाऊ म्हणत होता, दारं माझ्या हातात दे.

मामा उठले. कमरेची चावी काढली. मला वाटलं ते बोळ ओलांडून जातील. ते बोळ ओलांडून गेले नाहीत. ते बोटीत शिरले. फक्कीच्या रेघांच्या आतून, आखलेल्या शेगडीजवळून, दोन बाकांच्या मधून, अंग तिरकं करत, जणू खरंच भिंती आहेत, ते मागच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथे खुर्चीत भाऊ होता. त्यांनी चावी दादांच्या मांडीवर ठेवली.

दादा ती हातात घेऊन म्हणाले, "जड हाय की रं."

"जॅकची हाय."

"नट सटकंल. तोंड नीट न्हाय हिचं. गॅरेजवाल्यानं गंडवलं तुला."

"तुला लय कळतं."

इतकंच झालं. पण मामी दारात येऊन पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, आणि हसत होत्या की रडत होत्या ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

ते गेले. खरंच गेले. निघायची तिथी अष्टमीच होती. विमानाचं तिकीट जमेना, तर पुतणीनं काकांसाठी सगळं पुढच्या अष्टमीवर ढकललं. प्रवासाची हकीकत मी दोघांकडून आणि पुतणीकडून ऐकली, आणि तिघांची जुळते ती एकाच ठिकाणी.

चालत्या माणसाइतका वेग. आयुष्यभर कंटेनर पळवलेला माणूस सुकाणूवर उभा, आणि काठावरून कुत्रं फिरवणाऱ्या बायका त्याला मागे टाकून जातात. मामा खूष. "मागं हॉर्न कोन वाजवत न्हाय," एवढंच ते फोनवर मामींना पुन्हा पुन्हा सांगत. दादा दारांवर. दाराच्या आडव्या लाकडी तुळईला पाठ लावायची आणि पाय रोवून मागे रेटत जायचं. एक दार लावून बोट पुढे निघाली की दादा परत चालत मागे जात, दार हातानं दाबून बघत आणि मग काठाकाठानं बोटीला गाठत. प्रत्येक दाराला. मुलगी म्हणाली, "बाबा, लागलंय ते." दादा म्हणाले, "बघू दे."

आणि तिघांचं जुळतं ते इथे: पहिल्याच मुक्कामाला सकाळी उठून पाहतात तर बोट कालव्यात आडवी. नाक पलीकडच्या काठाला, शेपूट अलीकडच्या. पुढे बोटी थांबलेल्या, मागे बोटी थांबलेल्या. काय झालं होतं? संध्याकाळी बोट काठाला बांधताना दोर ढिले सोडले होते. आपल्या खाडीत ढिलेच सोडावे लागतात; नाहीतर ओहोटीला पाणी उतरलं की बोट दोरावर लटकते. कालव्यात पाणी उतरत नाही. ढिला दोर म्हणजे मोकळी बोट.

दोघं काठावर उभे राहून सुरू झाले.

"दोर ढिला कोनी सोडला?"

"मागचा तू बांधलास."

"पुढचा कोनी बांधला?"

पुढचा मामांनी ढिला सोडला होता, मागचा दादांनी. एकमेकांना न विचारता, दोघांनीही भरतीसाठी. हे त्यांच्या एकदमच लक्षात आलं. पुतणी सांगते, बाबा हसता हसता गवतात बसले. काका आधी उभ्यानं हसत होते, मग तेही बसले. तेवढ्यात थांबलेल्या बोटीतून झोपायच्या कपड्यांतला एक म्हातारा उतरला. हातात चहाचा मग. त्यानं मग गवतावर ठेवला, लोंबणारा दोर पकडला, बोट ओढून सरळ केली, गुड मॉर्निंग म्हणाला आणि आपला चहा उचलून परत गेला. दादांनी मुलीला विचारलं, "यानं इचारलं न्हाय, कोनी सोडला म्हनून?" ती म्हणाली, "कोणी विचारत नाही, बाबा. ज्याला दिसतं तो ओढतो."

हे वाक्य मामांनी मला येऊन सांगितलं ते माझ्याकडे तोंड करून. ओट्यावर खुर्ची त्यांनी फिरवली होती. आरसा होता तिथेच होता.

यानंतर गाव वाचलं, असं मी लिहिणार नाही. पूर्वेकडची शेतं भरावाखाली गेली. त्यावर पत्र्याची गोदामं उभी आहेत. ती कुणी विकली आणि कुणी घेतली हे मी विचारत राहणार आहे, आणि छापतही राहणार आहे. पण परत आल्यावर पहिल्याच अमावास्येला दादा चावी घेऊन बांधावर गेले. झडपेखाली कुणाची तरी फळी होती. त्यांनी चावीनं ती ठोकून काढली आणि झडप दाबून बघितली. पुढच्या पौर्णिमेला मामाही गेले. मग आणखी दोन घरं आली. जोळ म्हणावी इतकी माणसं नव्हती, पण राहिलेल्या शेतांत भात झालं.

आता मी माणगावला नोकरी करते. गेल्या महिन्यात उरणला गेले होते. मामांच्या गुडघ्यांनी संप केलाय. बांधापर्यंत चालवत नाही. अमावास्या होती. दुपारच्या भरतीआधी ते ओट्यावर मोबाइल धरून बसले होते. फोन वाजला.

"लागलं," पलीकडून दादा.

"बघितलंस?"

"बघितलं."

"हात लावून?"

"हात लावून. ठेव आता."

दादा थोरले आहेत. त्यांचे गुडघे मामांच्याही आधीचे. त्यांच्यानंतर पाळी कुणाची, हे त्या गल्लीत अजून ठरलेलं नाही.

म्हणून हे तुमच्या हातात देते, पत्रक समजा. पुढच्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला, दुपारच्या भरतीआधी, तुमच्या जवळच्या बांधावर जा. बांध नसेल तर तुमच्याकडे जे दार मागच्या माणसासाठी असतं तिथे जा. जमलं तर ज्याच्याशी तुमचं बोलणं बंद आहे त्याला बरोबर न्या. झडपेखाली फळी अडकलेली दिसली तर ती काढा आणि दार हातानं दाबून बघा. कुणी लावली ते आपण विचारू. मी तर विचारीनच. पण आधी फळी काढा.